काळ्या रंगाखालची पांढरी रेघ

उत्तम,

कालपासून तीनदा गाडीखाली जाऊन आलो. या वयात खाली जाणं सोपं, बाहेर येणं अवघड. आधी एक खांदा निघतो, मग कोपर टेकायचं, मग कुणीतरी हात द्यावा लागतो. काल सुनेनं हात दिला आणि विचारलं, "बापू, काही हरवलं का?" मी म्हणालो, "न्हाई." तिनं लुगड्याच्या पदरानं माझ्या पाठीची माती झाडली आणि आत गेली.

पुढच्या धुऱ्याचे आठही नट जागेवर आहेत. प्रत्येक नटावरून बोल्टावर गेलेली पांढरी रेघ सरळ आहे, तू काढायचास तशी. तरी बाहेर येऊन हात धुतले की वाटतं, उजवीकडचा मागचा नीट बघितलाच नाही.

उद्या तुझं पुण्यानुमोदन, तू गेल्यानंतरचा स्मरणाचा कार्यक्रम. तुझ्या बायकोनं, कांताबाईंनी, सांगितलं की तुमचा जुना दोस्ताना, दोन शब्द बोला. दोन शब्दांत होणारं हे काम नाही, म्हणून लिहून काढतो आहे. मी स्वतःला ओळखतो. नुसता उभा राहिलो तर 'उत्तम फार चांगला माणूस होता' असं म्हणून डोळे पुसत खाली बसेन. लोकांना तेवढं पुरेल. हातात कागद असला की मधेच वाट सोडून पळता येत नाही.

औंढ्यापासून कळमनुरीपर्यंतच्या गाडीवाल्यांना जे माहीत आहे ते असं : उत्तम मिस्तरीनं रामधनच्या, म्हणजे माझ्या, पिकअपला मोठा धुरा बसवला, तो ढिला राहिला, उतारावर निसटला आणि रामधनच्या भावाचा पाय गेला. इतकी वर्षं हेच सांगितलं गेलं. हे खरं नाही. खरं काय ते आजवर मी बोललो नाही, आणि तूही बोलला नाहीस. तू का बोलला नाहीस ते मला आठ दिवसांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं.

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. आपण परभणीत मोडायचो. माझी गाडी लष्कराच्या लिलावातून निघालेली, चारी चाकं ओढणारी, मागं उघडा हौदा. आमच्या तांड्याचा रस्ता तुला माहीत होता. वर चढताना मुरूम आणि धोंडे, खाली नाल्याजवळ काळी माती. पावसाळ्यात त्या मातीत जीप तर सोड, बैलगाडीही रुतून बसायची. बाजाराला, दवाखान्याला, खत आणायला सगळ्या तांड्याला ती एकच गाडी होती. पण जरा वेग घेतला की पुढची चाकं थरथरायची आणि स्टिअरिंग हातात नाचायचं. उतारावर तर मी देवाचं नाव घेऊनच ब्रेक दाबायचो.

पहिल्यांदा तुझ्याकडे आणली तेव्हा तू माझ्या शेजारी बसून औंढ्याच्या रस्त्यावर फेरी मारलीस. परत येऊन उतरलास आणि बॉनेटवर हात ठेवलास.

"रामधनभाऊ, ही गाडी न्हाई. हिवताप आलेली म्हैस हाय."

"औषध काय मग?"

"तुमच्या आजानं लदेणीचे शंभर बैल हाकले म्हनतेत. तुमाला चार चाकं हाकता येईनात?"

"लदेणीच्या बैलाचं वझं पाठीवर. त्याला धुरा नव्हता, उत्तम."

तू इतका हसलास की पाठीमागच्या चहावाल्यानं मान बाहेर काढली. तिथून आपला दोस्ताना सुरू झाला. मग तू तळहात एकेका पुढच्या चाकाच्या मध्यावर ठेवलास, आधी डावीकडे, मग उजवीकडे, लेकराचा ताप बघावा तसा. म्हणालास, "उजवं गरम हाय. आतलं बेअरिंग घासून राहिलं. पन बेअरिंग बदलून भागनार न्हाई. धुराच बारीक हाय. ही गाडी हलक्या वझ्याची, तुमी तिच्यात अख्खा तांडा भरून राहिले. जड धुरा टाकू."

नांदेडच्या भंगार बाजारात आपण दोन दिवस फिरलो. त्याच जातीच्या मोठ्या गाडीचा धुरा तुला हवा होता. एक सापडला की तू हातोडीनं ठोकून कान लावायचास. मग डिझेलचा बोळा फिरवायचा, कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी. तडा असेल तिथं भुकटी ओली व्हायची. दोन धुरे तू असेच सोडलेस. दुकानदार चिडला, "मिस्तरी, लडकी देख रहे हो क्या?" तू खालीच बसून उत्तर दिलंस, "लडकी पसंद न्हाई पडली तर एक घर बिघडतं, सेठ. हा बिघडला तर चौदा घरं." आमच्या गाडीत चौदा माणसं बसायची हे तू मोजून ठेवलं होतंस.

तिसरा धुरा घेतला. गंजलेला, चिखल वाळलेला, माझ्या मांडीएवढा जाड. तो बघून मला वाटलं, एवढ्या खटाटोपानंतर गाडीला पुढून हे कुरूप दिसणार. ही गोष्ट तेव्हा किरकोळ वाटली. पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

बसवायला पाच दिवस लागले. नव्या धुऱ्यावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका आमच्या गाडीला जुळत नव्हत्या, त्या कापून नव्या जागी जोडाव्या लागल्या. वेल्डिंग करताना तू दोनदा मोजायचास, मग मला मोजायला लावायचास, आणि माझं माप वेगळं आलं की स्वतःचं पुसून पुन्हा घ्यायचास. आपलं भांडण झालं ते पाट्यांवरून. मला गाडी उंच हवी होती. मी म्हणत होतो, दोन-दोन पाटे वाढव.

"काहून?"

"धोंडे लागतात खाली."

"खरं सांगा."

"उंच गाडी दिसायला बराबर दिसते."

"उंच झाली म्हंजे मोठी झाली का? डोकं जड व्हतंय तिचं."

शेवटी एकेक पाटा वाढवलास. माझ्या हट्टासाठी. आणि वाढवल्यावर मला खाली बोलावलंस. आपण दोघं पाठीवर शेजारी-शेजारी पडलो होतो, वर धुरा, आणि तू समजावून सांगत होतास. पाटे आणि धुरा यांना एकत्र धरून ठेवणारे हे वाकडे बोल्ट. एका बाजूला दोन, म्हणजे चार नट. नवे पाटे वझं घेतात तसे दबतात, एकमेकांवर बसतात. ते बसले की बोल्टाची पकड सुटते. "ह्याच्यात कोनाची चूक न्हाई," तू म्हणालास, "लोखंडाची सवय हाय ती. हप्ताभर रिकामी चालवा. बाजाराच्या दिवशी मपल्याकडं आना. मी पान्ह्याला पाइप लावून पुन्हा आवळतो. तवरोक मानसं बसवू न्हाई."

मग तू तुराटीचं टोक दातानं चावून मऊ केलंस, पांढऱ्या ऑइल पेंटात बुडवलंस आणि आठही नटांवर रेघ ओढलीस, अर्धी नटावर, अर्धी बोल्टावर.

"हे काय, पूजा?"

"पूजा तुमी घरी करा. ही रेघ सरळ हाय तवर नट जाग्यावर हाय. रेघ तुटली की नट फिरला. हे बघायला पान्हा लागत न्हाई, खाली वाकावं लागतंय फक्त."

इतकं साधं सांगितलं होतंस तू. मला समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

हप्ताभर गाडी रिकामी चालवली. काय चालली होती! स्टिअरिंग दोन बोटांवर. उतारावर ब्रेक दाबला की जमिनीला नाक लावून उभी राहायची. मी तांड्यातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. हिरामण, माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "दादा, आता ही कुठंबी जाईल." आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, इथं मराठीत लिहितो आहे. पण त्याचा आवाज मला जसाच्या तसा ऐकू येतो.

बाजाराच्या दिवशी औंढ्याला आलो. तुझ्या दुकानापुढं दोन गाड्या लागल्या होत्या आणि तू तिसरीच्या खाली होतास. मला गाडीखालून निघालेला तुझा हात तेवढा दिसला. हाताचा पंजा उघडा, वर-खाली हलणारा. थांबा, असं सांगणारा. दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या पोराची सगाई होती, सेनगावच्या अंगाला. कापड घ्यायचं होतं, मिठाई घ्यायची होती. मी हॉर्न वाजवला आणि पुढं गेलो. मनात म्हटलं, सगाई उरकून येऊ.

त्या बाजारात मी आणखी एक वस्तू घेतली. काळ्या ऑइल पेंटचा डबा. सोयऱ्यांच्या दारात गाडी उभी राहणार, आणि पुढून तो गंजका, चिखल्या धुरा दिसणार. लोक म्हणतील, भंगार जोडून आणलंय. तांड्यावर आलो, गाडी धुतली आणि धुऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा रंग दिला. पाट्यांना दिला, बोल्टांना दिला, नटांना दिला. तुझ्या आठही रेघा त्याच्याखाली गेल्या. बायकोनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. गाडी नव्यासारखी दिसत होती.

इथपर्यंत मी मनातल्या मनात कितीदा सांगितलं असेल. यातलं एक वाक्य मी दर वेळी गाळतो. आत्ताही गाळलं आहे. ते पुढं येईल.

सकाळी चौदा माणसं बसवली. उतार अर्धा झाला आणि ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढली गेली. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. चाक फिरलं, गाडी फिरली नाही. उजव्या बाजूचा धुरा पाट्यांवरून मागं सरकला होता. एक बोल्ट तुटला होता. गाडी नाल्याच्या काठावर कलली. बाकीचे फेकले गेले, खरचटले, उठले. हिरामण उजव्या कडेला उभा होता. त्याचा पाय हौदा आणि धोंड्याच्या मधे आला.

गाडी उचलून त्याला काढला. माणसं वरून धावत येत होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "कोनी बसवला हा धुरा?"

मी म्हणालो, "उत्तमनं."

एवढंच. यात खोटं काही नव्हतं. धुरा तूच बसवला होतास. पण तो शब्द मी कशासाठी उच्चारला ते मला त्याच क्षणी माहीत होतं, आणि तो तोंडातून बाहेर पडताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. उन्हातून सावलीत आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तू सायकलवर आलास. हिरामणला नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागणार असा निरोप नुकताच आला होता. तांड्यातले दहा-बाराजण गाडीभोवती उभे होते. तुला कुणी राम राम केला नाही. तू गाडीखाली गेलास. मग नखानं काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मी तिथंच उभा होतो, मला तो ऐकू आला. मला वाटलं, आता हा बाहेर येणार आणि सगळ्यांसमोर विचारणार, रामधनभाऊ, हा रंग कवा मारला?

तू बाहेर आलास. तुझ्या हातात बोल्टाचा तुकडा होता, त्यावर नट तसाच बसलेला, काळ्या रंगाचा. तू माझ्याकडे बघितलंस. तसं तू त्याआधी कधी बघितलं नव्हतंस, नंतरही नाही. मग तो तुकडा माझ्या हातात दिलास आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवलीस. लोकांकडे वळून म्हणालास, "माझ्याकडूनच राहिलं असंल."

मी काहीच बोललो नाही. त्या वेळी एक शब्द पुरला असता. 'नाही' एवढा.

हिरामण दोन महिन्यांनी कुबडीवर परत आला. आल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला गाडी काढायला लावली आणि तुझ्या दुकानापुढं थांबवायला सांगितली. तो उतरला नाही. हौद्यातूनच त्यानं तुला आया-बहिणींवरून शिव्या दिल्या. रस्ता थांबला. कांताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तू हातातला पान्हा खाली ठेवून ऐकून घेतलंस, मान खाली नाही, वरही नाही. मी स्टिअरिंगवर बसून समोरच्या काचेतून बघत होतो. इंजिन चालूच ठेवलं होतं.

नंतर लोकांनी तुझ्याकडे पुढच्या चाकांचं, ब्रेकचं काम देणं सोडलं. पंक्चर, ऑइल, साफसफाई एवढंच तुझ्याकडे यायला लागलं. तुझं वेल्डिंगचं मशीन ताडपत्रीखाली गेलं. चहाच्या टपरीवर तुझी जात काढणारेही होते, की यांच्या हाताला काय काम येणार म्हणून. माझ्या कानावर ते यायचं. मी चहा संपवून उठायचो.

आणि तू, उत्तम, भेटलास की दर वेळी तेच विचारायचास. बाजारात, एसटी स्टँडवर, एकदा तर कुणाच्या मयतीत.

"नट आवळता ना?"

"आवळतो."

"बराबर."

बस. पुढं पाऊसपाण्याचं. मला कधी कळलं नाही की तू हे काळजीनं विचारतोस की मला रोज थोडं थोडं कापतोस. कितीतरी वेळा तू लांबून दिसलास आणि मी गल्ली बदलली. तुझ्यावर राग यायचा. वाटायचं, याला माहीत आहे तर हा ओरडत का नाही? एकदा चारचौघांत माझी गचांडी धर, मी सुटेन. तू मला ती सुटका दिली नाहीस. हे भांडण आपलं राहूनच गेलं. उद्या तुझ्या फोटोसमोर ते मी एकट्यानंच करायचं का?

तुझा धुरा मी काढला नाही. दुसऱ्या मिस्तरीनं म्हटलं, हा काढून टाकू, जुनाच बसवू. मी म्हटलं, बोल्ट नवे टाका, धुरा हाच राहू द्या. त्यानं तपासून बघितलं, बैठकांचं तुझं वेल्डिंग केसानंही हललं नव्हतं. तो म्हणाला, "काम तर चांगलं दिसतंय." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही.

त्या धुऱ्यावर गाडी अजून चालते. एका पावसाळ्यात तांड्यावरच्या एका पोरीला कळा लागल्या. मूल आडवं होतं. नाल्याला गुडघाभर पाणी आणि काठावर काळी माती. मी पुढच्या चाकांचीही ओढ जोडली आणि गाडी खाली घातली. पुढचा भाग चिखलात बसला, पाण्यात डगमगला, आणि मग तुझ्या त्या मांडीएवढ्या धुऱ्यानं दोन्ही चाकं अशी ओढली की गाडी गुरगुरत काठावर आली. पोरगी वाचली, लेकरू वाचलं. परत येताना औंढ्यात तुझ्या दुकानापुढं गाडी थांबवली होती. तू आत ट्यूबला ठिगळ लावत बसला होतास. सांगायचं होतं की तुझ्या कामानं आज दोन जीव वाचवले. तू बाहेर आलास, सवयीनं दोन्ही चाकांवर तळहात ठेवलास, डावीकडे, उजवीकडे. "दोन्ही सारखे हायेत," म्हणालास, आणि खूश झालास. मी म्हणालो, "जरा घाई हाय." आणि निघालो.

तेव्हापासून नटांवर रेघा मी स्वतः काढतो. तुराटी चावून. पोरांना वाटतं म्हाताऱ्याची काहीतरी पूजा आहे.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी कांताबाईंना भेटायला आलो. त्यांनी पाणी दिलं. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, की उत्तमवर अन्याय झाला, की लोकांनी... त्या मधेच म्हणाल्या, "लोकाइनं न्हाई, रामधनदादा."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मला त्याच रोजी सांगितलं व्हतं त्याइनी. मी भांडले, म्हनलं जावा, सांगा सगळ्याला. तर म्हनले, दोघं भाऊ एका भिंतीला ऱ्हातेत, एका चुलीवर खातेत. पाय तर गेला. आता मी बोललो तर भाऊबी जाईल. मिस्तरीचं काय, मिस्तरी दुसरा मिळतो." त्यांनी पेला उचलून घेतला. "मला न्हाई पटलं. अजून पटलं न्हाई. तुमी पुण्यानुमोदनाला दोन शब्द बोलाल ना?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आर्जव नव्हतं. विचारलं फक्त. मी "व्हय" म्हणालो आणि त्या क्षणापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. तुझ्या माणसांसमोर बोलायचं म्हणजे आधी हिरामणसमोर बोलायला हवं. त्यानं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकता कामा नये. आणि हिरामण माझ्या भिंतीपलीकडे राहतो. त्याच्या कुबडीचा आवाज सकाळी मला उठवतो.

आज सकाळी त्याला बोलावलं. तो पिंपळाखाली येऊन बसला. मी पेटीतून फडक्यात बांधलेला बोल्टाचा तुकडा काढला आणि त्याच्या हातात दिला. सगळं सांगितलं. बाजाराचा दिवस, तुझा हलणारा हात, काळ्या रंगाचा डबा, आणि तू नटांवर ओढलेल्या रेघा कशासाठी होत्या ते. सांगताना मी त्याच्याकडे नाही, बोल्टाकडे बघत होतो.

पाय गेल्यापासून हिरामण बसून पंप आणि इंजिनं दुरुस्त करतो. लोखंड त्याला आता माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानं तुकडा उन्हात धरला, फिरवला. तू नखानं जिथं खरवडलं होतंस तिथं पांढरं दिसत होतं. नटावरची रेघ एकीकडे, बोल्टावरची दुसरीकडे, मधे तुरीच्या दाण्याएवढं अंतर.

"दादा, रंग मारल्यावर नट फिरला असता तर कडेला रंग फुटला असता."

त्यानं नटाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा रंग फुटलेला न्हाई. म्हंजे रंगाच्या आधीच नट फिरला व्हता."

"व्हय."

"रंग मारताना तुला दिसलं व्हतं?"

उत्तम, हेच ते गाळलेलं वाक्य. तू त्या दिवशी गाडीखाली नखानं खरवडून वाचलं होतंस ते. मी डावीकडून रंगवत आलो होतो, तिथल्या रेघा सरळ होत्या. उजवीकडच्या मागच्या नटाजवळ आलो आणि मला रेघ तुटलेली दिसली. ब्रश हातात तसाच राहिला. मला तुझा शब्द आठवला. दुपार झाली होती, औंढ्याला परत जाऊन यायला वेळ होता. मग वाटलं, तुरीच्या दाण्याएवढं तर आहे. वाटलं, उद्या सोयऱ्यांच्या दारात. आणि मी ब्रश फिरवला. दोनदा फिरवला, नीट झाकलं जावं म्हणून.

"दिसलं व्हतं," मी हिरामणला म्हणालो.

त्यानं बोल्ट मुठीत धरला. "मी त्याला शिव्या दिल्या. त्याच्या बायकोपुढं."

"व्हय."

"तू तिथंच बसला व्हतास."

"व्हय."

तो उठला. मी कुबडी द्यायला गेलो तर त्यानं माझा हात बाजूला केला. घरात गेला आणि दार लावून घेतलं. बोल्ट त्याच्याकडेच राहिला. दुपारभर भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. त्याची कुबडीसुद्धा नाही. तू जिच्या भीतीनं आयुष्यभर गप्प राहिलास ती हीच शांतता असणार. मी इकडे बसून हा कागद लिहीत होतो, अर्धा लिहायचा, उठून गाडीपर्यंत जायचं, पुन्हा लिहायला बसायचं.

उन्हं कलल्यावर दार उघडलं. हिरामण भिंतीच्या कडेला येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले होते. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"नऊला."

"मी मागं बसन. तुझ्याजवळ न्हाई."

"बरं."

"आन हे मपल्यापाशी ऱ्हाऊ दे." त्यानं बंडीच्या खिशावरून हात फिरवला. "तू वाचताना कुठं गाळलंस तर मी उठून दाखवीन."

मी मान हलवली. तो वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. कुबडी जमिनीवर टेकवून तिथूनच म्हणाला,

"नट बघितलेस का?"

"तीनदा."

"पुन्हा बघ."

उजेड आहे अजून. जातो खाली.